मदत हवी आहे: चर्चमध्ये बसवत नाही, दुसरीकडे जाऊ का?

रानजाई: लवकर सांगा, रविवार जवळ आलाय. नवऱ्याचं घर सोडून मावशीकडे आले आहे. विश्वास गेलेला नाही, उलट बाथरूमला आतून कडी लावून बसले होते तेव्हा तोंडात बायबलातलं 23वं स्तोत्रच होतं. पण आता उपासनेला बसलं की धडधडतं, गीताचं पुस्तक उघडवत नाही. पाळकसाहेब म्हणतात क्षमा कर आणि घरी जा. दुसऱ्या चर्चला गेले तर ते पळून जाणं होईल का?

वाटसरू: गाव कुठलं? मुलं आहेत? तो त्याच चर्चला येतो का? पोलिसांत काही दिलंय? एवढंसं लिहिल्यावर कोण काय सांगणार.

वसईकर: चर्चचा कायदा स्पष्ट आहे. कॅनन 1153. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. थांबण्यातच धोका असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट बघायचीही गरज नाही. फादरना दाखवा.

रानजाई: मी कॅथलिक नाही हो. पाळकसाहेब लिहिलंय ना वर, फादर नाही.

सलोमी: ताई, स्तोत्र 55 वाचा, मोठ्यानं. वैऱ्यानं केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा सोबती, आम्ही मिळून देवाच्या घरी जायचो, असा आक्रोश आहे त्यात. माझ्या वाईट दिवसांत 23 म्हणताना घसा दाटायचा, 55 म्हणता यायचं.

शमुवेलदादा: देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. मत्तय 19. माझ्या भावाचा संसार उपास-प्रार्थनेनंच सावरला.

सलोमी: दादा, हात उगारला त्यानंच तोडलं. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद क्षमा करत तिथंच बसला नाही. बायकोनं, शौलाच्या मुलीनं, मीखलनं खिडकीतून खाली सोडलं आणि तो पळाला. 1 शमुवेल 19. तुमच्या नावाचंच पुस्तक आहे.

शमुवेलदादा: दावीदाचा संसार शौलाशी नव्हता.

सलोमी: सासरा होता की.

रानजाई: मूल नाही. पुण्यात आहे. तो त्याच चर्चमध्ये पेटी वाजवतो, माझ्या बाकासमोरच. आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर माझ्यासाठी प्रार्थना करा असा मेसेज पडला, मावशीच्या सोसायटीच्या नावासकट. काल तो गेटपाशी उभा होता.

वाटसरू: हे आधी लिहायचं!! परत दिसला तर सरळ 112.

काळा कोट: 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. कलम 18 खाली त्याला तुमच्याशी संपर्क करायला, तुम्ही जाता-येता त्या ठिकाणी यायला मनाई होऊ शकते. धोका दिसला तर कलम 23 खाली त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही. फुकट वकिलासाठी 15100, महिला हेल्पलाइन 181. शिवाय 2001 पासून ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवरही घटस्फोट मागता येतो, पूर्वी व्यभिचारही सोबत सिद्ध करावा लागे.

रानजाई: घटस्फोटाचं विचारलंच नाही मी.

भटक्या: केडगावचं मुक्ती मिशन पाहिलंय का? 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली-विधवा आणल्या. आधी छप्पर, अन्न, हाताला काम. नुसतं क्षमा कर म्हणून भागवलं नाही. पुण्याहून दौंडची गाडी पकडायची.

वाटसरू: संध्याकाळी त्या गाडीत उभं राहायला जागा नसते. पण हा धागा त्याचा नाही.

सलोमी: रानजाई, दुसऱ्या मंडळीत नुसतं बसायला सभासदत्वाचं पत्र लागत नाही. मावशीला बरोबर घ्या, दाराजवळचा बाक धरा, नको वाटलं तर मध्येच उठा. तिथल्या पाळकीणबाईंना एकट्यांना गाठून सांगा की प्रार्थना विनंतीत फक्त 'एक बहीण' म्हणा, नाव-पत्ता नको. ग्रुपवरचा तो मेसेज काढायला लावा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि समुपदेशकाकडे जा. छाती धडधडते म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

काळा कोट: स्क्रीनशॉट पाहिजेच. गेटवरच्या वॉचमनलाही विचारा, वहीत त्याची नोंद असेल.

रानजाई: वॉचमनकाकांनी नाव लिहून घेतलंय म्हणे. मावशीला घेऊन आज संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाते. सलोमीताई, तुमच्या चर्चमध्ये पेटी कोण वाजवतं?

सलोमी: पेटी नाही, कीबोर्ड. कॉलेजातली मुलगी आहे. व्यनि (खाजगी मेसेज) केलाय, बघा.

शमुवेलदादा: सासऱ्याचा मुद्दा वेगळा आहे. रात्री सविस्तर लिहितो.