चावतो, कानशिलावर बुक्क्या मारतो, दार दिसलं की पळतो. आधी काय?

रिसोर्सटीचर
मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. गेल्या तीन आठवड्यांत चावणं एकदम वाढलंय, जोडीला स्वतःच्याच कानशिलावर बुक्क्या. बहुतेक वेळा लिहायला बसवलं की चावतो. दार उघडं दिसलं की थेट रस्त्यावर. ‘दुर्लक्ष करा’ असं सांगितलं होतं. केलं तर दुप्पट जोरात चावतो. औषध सुरू करायला सांगावं का?

ओटी_ताई
तीन आठवड्यांत ‘एकदम’ वाढलंय ना, मग आधी दुखणं शोधा. बुक्क्या कानशिलावर आहेत म्हणजे कान आणि दाढा डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहायला हव्यात. पोटही तपासा. बद्धकोष्ठात घट्ट मळाच्या कडेने पातळ शी झिरपते, घरच्यांना जुलाब वाटतात आणि उलटंच औषध दिलं जातं. झोपेचे तासही लिहून ठेवा.

वर्तनवाला
दुखणं नाही असं ठरलं की आठवडाभर तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. वेळही टाका. ‘चिडला’ असं लिहू नका, ‘उजव्या मनगटाला चावला’ असं लिहा.

तुमच्या वर्णनावरून हे काम टाळण्यासाठीच दिसतंय. तसं असेल तर दुर्लक्षाने काय होतं? तो चावतो, तुम्ही बाजूला होता, वही बंद. त्याला हवं तेच मिळालं! शिवाय जे वागणं आजवर फळत आलं ते फळेनासं झालं की आधी उसळू शकतं, मग ओसरतं. त्या उसळीत माघार घेतली तर ‘अजून जोरात चावलं की जमतं’ एवढंच तो शिकतो.

त्याऐवजी सुट्टी मागायला शिकवा. ‘थांब’चं कार्ड वहीशेजारी ठेवा. दुसरी ओळ संपत आली की, जबडा आवळण्याच्या आत, मागे बसलेल्या दुसऱ्या माणसाने त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावायचं. वही लगेच बाजूला, मिनिटभर सुट्टी. सुरुवातीला दर वेळी, अगदी वीसदा मागितली तरी. घासाघीस इथेच सुरू होते आणि कार्ड मरतं. ‘अजून दोन शब्द, मग सुट्टी’ हे नंतर. कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८५ मध्येच मांडली.

चावलाच तर हात मागे ओढू नका, कातडी फाटते. हात त्याच्या तोंडाकडेच हलका दाबा, जबडा सैल झाला की काढा. पालथं पाडून पाठीवर वजन टाकणं कधीच नको, श्वास कोंडतो.

दार_आधी
पळण्याचं आजच बघा, नोंदींसाठी थांबू नका. २०१२ च्या एका अमेरिकी पाहणीत वयाच्या चार वर्षांनंतर एकदा तरी पळायचा प्रयत्न केलेली स्वमग्न मुलं ४९ टक्के होती. जीव जातो तो बहुधा बुडून. म्हणून हरवला तर आधी जवळचं पाणी गाठा, घर नंतर शोधा. दाराला उंचावर कडी आणि उघडताच वाजणारी घंटी लावा. आग लागल्यास मोठ्यांना ती कडी झटकन काढता आली पाहिजे. पोहायला शिकवा, कपड्यांसकटही.

रिसोर्सटीचर
कार्ड समजलं. आणि औषध?

ओटी_ताई
ते बालमनोविकारतज्ज्ञ ठरवतील. स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी अमेरिकेत रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता मिळाली. दोन्हींनी वजन वाढतं, म्हणून वजन आणि साखर सुरू करण्याआधी मोजा, नंतरही ठरावीक काळाने. गोळीनंतर तो एका जागी टिकेनासा झाला तर तेही डॉक्टरांना सांगा. ती औषधाचीच अस्वस्थता असू शकते. आक्रमकता वाढली असं समजून डोस वाढवला तर आणखी बिघडतं. आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.