शब्दचर्चा: टियारा म्हणजे मुकुट नव्हे, मग काय?

प्रश्न विचारणारी

स्कँडिनेव्हियातल्या राजघराण्यांच्या दागिन्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पहिल्याच पानावर अडले. 1976 साली स्वीडनच्या राजाशी लग्न करताना सिल्विया यांच्या डोक्यावर कॅमिओ टियारा होता. सोनं, मोती आणि कोरीव चेहऱ्यांचे सात कॅमिओ. मूळचा तो नेपोलियनची बायको जोसेफिन हिचा. 2010 साली त्यांची मुलगी व्हिक्टोरियाही तोच घालून बोहल्यावर उभी राहिली. मी बिनधास्त 'मुकुट' लिहिलं.

पुढच्या परिच्छेदात स्वीडनचा राजा एरिक चौदावा याचा 1561 सालचा मुकुट आला, तोही 'मुकुट'च. माझा मजकूर वाचणाऱ्याला वाटणार, स्टॉकहोमच्या राजवाड्याखालच्या तळघरात ठेवलेला मुकुट काढून नवरीला घातला! त्याच्या पुढे 'क्राउन ज्वेल्स' आले आणि माझ्या हातून 'मुकुटातील रत्ने' असं लिहून गेलं. तिथे संपादकांचा लाल शेरा पडला.

टियाराला मराठीत काय म्हणावं? 'शिरोभूषण' कृपया सुचवू नका. ते वाचलं की मला संस्कृतचा पेपर आठवतो.

कुडाळकर

किरीट?

प्रश्न विचारणारी

किरीट देवाचा हो. नाहीतर दशावतारातल्या विष्णूचा. सिल्वियाबाईंना किरीट घातला की पाठोपाठ शंख-चक्रही द्यावं लागेल.

सोनारकाम

ताई, आधी वस्तू बघा, मग शब्द सापडेल. मुकुट पूर्ण गोल असतो, डोकं चहूबाजूंनी वेढतो. एरिकचा मुकुट तसाच, वरून कमानी जोडून बंद केलेला. डेन्मार्कचा ख्रिस्तियन चौथा, त्याचा 1596 सालचा मुकुट वरून उघडा आहे, पण गोल आहेच. वजन जवळपास 2.9 किलो! इतकं सोनं डोक्यावर घेऊन जेवणाच्या टेबलाशी कोण बसणार?

टियारा मागून उघडा असतो. अर्धगोल, फार तर पाऊण. समोर उंच, कानांकडे उतरता. आतली पट्टी केसांच्या रंगाच्या मखमली फितीने गुंडाळतात. त्या गुंडाळीत पिना अडकवायच्या आणि वरून केस फिरवून फीत झाकायची. लांबून बघणाऱ्याला हिरे केसांतून उगवल्यासारखे दिसले पाहिजेत, खरी करामत ती. म्हणजे मुकुट डोक्यावर ठेवला जातो, टियारा केसांत बसवला जातो. आपल्याकडच्या बायकांच्या दागिन्यांत याला जवळचा बिजवरा. बिजेच्या चंद्रकोरीसारखा, भांगाशी बसणारा. पण तो लहान, आणि आजच्या मुलींना बिजवरा म्हटलं तर बहुधा बिजवराचा संबंध आठवेल. तेव्हा तोही बाद.

क्रियापदवाला

मला वाटतं नामापेक्षा क्रियापद धरावं. मुकुट चढवतात. शिरपेच बांधतात, त्यात तुरा खोवतात. गजरा माळतात, केतकी खोवतात. बाशिंग बांधतात, आणि ज्यांना घाई असते ते गुडघ्याला बांधतात. मराठीत डोक्यावरच्या प्रत्येक वस्तूला तिचं क्रियापद आहे. 'टियारा घातला' म्हणजे टोपी घातल्यासारखं वाटतं. 'टियारा ल्याली' कसं वाटतं? दागिना लेणं हे आपलं जुनं क्रियापद आहे, ते वापरलं की वस्तू दागिना आहे, सत्तेची खूण नाही, हे न सांगता कळतं.

व्युत्पत्तीत गंमत आहे. हल्ली ज्याला टियारा म्हणतात त्याला स्वीडिश आणि डॅनिश वर्तमानपत्रं बहुतेक वेळा 'डियाडेम' म्हणतात. शब्द ग्रीक, त्यात धातू 'बांधणे' हा. अलेक्झांडर आणि त्याच्यानंतरचे राजे डोक्याभोवती कापडाची पट्टी बांधत, ती डियाडेम. मिनँडर या ग्रीक राजाची नाणी कधी जवळून पाहिलीत? कपाळावरून गेलेली फीत, मागे गाठ, आणि गाठीची दोन टोकं मानेवर सुटलेली. ती बघून मला तर मुंडावळ्याच आठवतात. आणि 'टियारा' ग्रीकांनी कशाला म्हटलं? इराणी लोकांच्या टोपीला. म्हणजे मुळात टियारा हा टोप आणि डियाडेम ही मुंडावळी. आज दोघं एकाच दागिन्यावर येऊन बसलेत.

ऑस्लोहून

इतकी वर्षं इकडे आहे म्हणून दोन शब्द. ताई, तुमच्या लेखातला मुद्दाच हा असणार की इथे मुकुट कुणीच घालत नाही. नॉर्वेत शेवटचा मुकुट चढला तो 1906 साली, ट्रॉन्डहाइमच्या निदारोस कॅथेड्रलमध्ये, राजा होकून सातवा आणि राणी मॉड यांच्यावर. 1908 साली राज्यघटनेतून ते कलमच काढलं. ओलाव 1958 साली आणि हाराल्ड 1991 साली त्याच कॅथेड्रलमध्ये गेले, पण फक्त आशीर्वाद घ्यायला. त्या विधीचं नाव 'सिग्निंग', म्हणजे आशीर्वाद देणं.

स्वीडनमध्ये शेवटचा ऑस्कर दुसरा, 1873. त्याच्या मुलाने 1907 साली नकोच म्हटलं. आताचे राजे 1973 साली गादीवर आले तेव्हा मुकुट उशीवर ठेवला होता, सिंहासनाशेजारी. डेन्मार्कमध्ये 1849 च्या राज्यघटनेनंतर राज्यारोहणाला मुकुट चढलाच नाही, आता तो राजा वारल्यावर शवपेटीशी येतो. 14 जानेवारी 2024 ला फ्रेडरिक दहावे राजे झाले ते ख्रिश्चनबोर्ग राजवाड्याच्या सज्जात पंतप्रधानांनी नाव पुकारल्यावर. डोकं उघडं.

त्यामुळे 'राणीने मुकुट घालून मेजवानीला हजेरी लावली' हे आपल्याकडच्या बातम्यांतलं वाक्य शब्दाने चुकतं तसं इतिहासानेही चुकतं. तिथे टियाराच हवा.

जाता जाता आणखी एक. 'कॉरोनेशन'ला आपण डोळे मिटून 'राज्याभिषेक' म्हणतो. आपल्या शब्दात मुकुट कुठेच नाही, पाणी आहे. 1674 साली रायगडावर सप्तनद्यांचं पाणी होतं, छत्र होतं. 1906 साठी राज्याभिषेक चालेल, तेव्हा पवित्र तेल लावलं होतं. 1991 साठी मात्र नको.

सातारकर

'क्राउन ज्वेल्स'वर कुणी बोललं नाही. इथे मराठेशाहीतले दोन शब्द जसेच्या तसे बसतात: दौलत, म्हणजे राज्याचं, आणि खासगी, म्हणजे घराण्याचं स्वतःचं. होळकरांच्या कागदांत खासगीचं उत्पन्न वेगळं, दौलतीचं वेगळं. डेन्मार्कची गोष्ट नेमकी हीच आहे. ख्रिस्तियन सहाव्याची राणी सोफी मॅग्डालीन हिने 1746 सालच्या मृत्युपत्रात आपले दागिने कुणा मुलीला-सुनेला न देता गादीला दिले. घराण्यात दागिने फारच कमी, आणि गादीचे असे तर नाहीतच, ही तिची तक्रार. स्त्रीधनाचं असं दौलतीत रूपांतर करणारी बाई विरळाच! तेच आजचे डॅनिश क्राउन ज्वेल्स. रोझेनबोर्ग किल्ल्यात काचेमागे असतात. ते वापरण्याचा मान राणीचा, आणि देशाबाहेर न्यायचे नाहीत. 1840 साली घडवलेला पाचूंचा संच त्यातलाच.

आता माणकांचा संच बघा, हा अगदी वेगळा. तो 1804 सालच्या नेपोलियनच्या राज्यारोहणाला देझिरे क्लारीने घातला असं सांगतात. ती पुढे स्वीडनची राणी झाली. 1869 साली स्वीडनची लोविसा लग्न होऊन डेन्मार्कला गेली तेव्हा संच तिच्याबरोबर गेला. लाल माणकं, पांढरे हिरे, म्हणजे डॅनिश झेंड्याचेच रंग. 1935 साली पुढे डेन्मार्कची राणी झालेल्या इन्ग्रिडकडे आला, आणि 2004 पासून आताच्या राणी मेरी यांच्या डोक्यावर दिसतो. हा घराण्याचा, किल्ल्यातल्या त्या काचेमागचा नव्हे.

म्हणून 'मुकुटातील रत्ने' साफ चूक. 'क्राउन' म्हणजे तिथे गादी, डोक्यावरची वस्तू नव्हे. मी लिहीन 'दौलतीचे जवाहीर', आणि ते ठेवण्याची जागा 'जामदारखाना'. शब्द तयार आहेत, आपण विसरलो इतकंच.

कुडाळकर

'दौलत' आता लोकांना पैसाच वाटतो हो. 'दौलतीचे जवाहीर' म्हणजे श्रीमंताचे दागिने. 'गादीचे दागिने' म्हणा, कुणालाही कळेल.

सातारकर

मान्य. गादी चालेल. जामदारखाना मात्र सोडणार नाही.

प्रश्न विचारणारी

गादीचे दागिने! घेतलं. सातारकर काका, जामदारखानाही एकदा घालते, शेरा आला तर तुमच्याकडे पाठवीन.

एक राहिलं. लेखाच्या शेवटी नॉर्वेतल्या खेड्यांमधल्या नवरीमुलींचा चांदीचा ब्रुडेक्रूनं आहे. सोन्याचं पाणी दिलेला, कडेने पत्र्याची पानं लोंबणारी, चालताना किणकिणणारी. स्वीडनमध्ये म्हणे चर्चच्या मालकीचा असायचा, गावातल्या नवरीमुलींना लग्नापुरता मिळायचा. शब्दशः तो 'नवरीचा मुकुट'. मी 'बाशिंग' लिहू का?

ऑस्लोहून

लिहा. हार्डांगरकडच्या एका लग्नात मी तो जवळून पाहिला आहे. नवरी मान वळवायची तेव्हा पानं आधी हलायची आणि आवाज नंतर यायचा. माझ्या आईने फोटो बघून पहिलाच शब्द काढला तो बाशिंग. फक्त आपलं बाशिंग बहुतेक करून नवऱ्याचं, तेव्हा 'नवरीचं बाशिंग' म्हणा.

सोनारकाम

आणि त्याच लेखात किंमती असतील तर सांभाळा. तिकडचं चलन क्रोन, आणि क्रोन म्हणजेही मुकुट! एकाने '500 मुकुटांना घेतलेली अंगठी' असं भाषांतर केलेलं मी स्वतः वाचलंय.

क्रियापदवाला

मग टियारा टियाराच ठेवायचा असं ठरलं ना? पण तो की ती? बातम्यांत दोन्ही दिसतात. माझं मत 'तो'. कॅमेरा, सोफा तसाच टियारा. सामान्यरूपही त्याच वळणाने: सोफ्यावर, कॅमेऱ्यात, टियाऱ्यात.

प्रश्न विचारणारी

'टियाऱ्यातले सात कॅमिओ.' जीभ जरा अडखळते, पण दोनदा म्हटलं की बसतं. वाक्य असं केलं: 'व्हिक्टोरिया आईचाच टियारा ल्याली होती, मुकुट तळघरातच होता.'

कुडाळकर

आईचा कसा? जोसेफिनचा ना.