उतारवयात पायाचं हाड जुळता जुळेना: तुमचे अनुभव लिहा

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय ६७. गेल्या श्रावणात मागच्या दारच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि उजवं पाऊल आत मुडपलं. लचक समजून हळद-तेल लावलं, आठ दिवस तशीच घरात वावरले. एका ठिकाणी दाखवलं, तिथं फोटो न काढताच क्रेप बँडेज बांधून दिलं. सूज उतरेना म्हणून दुसरीकडे गेले, तेव्हा एक्स-रेत कळलं की करंगळीमागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं लांब हाड बुडाजवळ तडकलंय. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. नेमक्या त्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून पायाच्या इतर हाडांना सहा-आठ आठवडे पुरतात तिथं हे हाड महिनोन्‌महिने रेंगाळतं.

प्लास्टर झालं, मग पाय आवळून धरणारा आधाराचा बूट झाला, आता पाचवा महिना चाललाय. परवाच्या फोटोतही फट आहेच. येणारा-जाणारा म्हणतो, "वय झालं आता, चालायचंच." मला हे पटत नाही. माझ्याच वयाची जाऊबाई पायाचं हाड मोडून दोन महिन्यांत भाजी आणायला जाऊ लागली होती. वय तर दोघींचंही तेच. मग माझंच हाड कशापायी अडलंय, हे मला समजून घ्यायचंय.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. बारीकसारीक गोष्टीही लिहा, त्याच कामी येतात. माझी एक सांगते. बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळं तो पाय उंच होतो आणि कंबर धरते. महिनाभर मी कंबरदुखीच्या गोळ्या घेत होते. मग फिजिओबाईंनी दुसऱ्या पायात जाड तळव्याची चप्पल घालायला लावली. चार दिवसांत कंबर मोकळी झाली.

मंगळवार पेठ, वय ६४

ताई, माझंही ह्याच हाडाचं दुखणं. उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी, घरात बसून जीव नुसता आंबून गेला होता. सहा महिने झाले तरी हाड धरंना. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, खाता काय? मी सांगायचो, दूध, अंडी, मटण, सगळं. तंबाखूचं कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

शेवटी ज्यांच्याकडं गेलो त्यांनी फोटो बघायच्या आधी माझा हात हातात घेतला. अंगठ्याचं नख चुन्यानं पांढरं पडलेलं. म्हणाले, "काका, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाडाला रक्तच पोचलं नाही तर ते जुळणार कसं? आधी हे सोडा, मग ऑपरेशन." अठराव्या वर्षापासूनची सवय. पहिले दहा दिवस रात्रभर जागा होतो, बायकोनं बडीशेप भाजून डबीत भरून दिली. पण सोडली. मग आत स्क्रू घातला, कमरेच्या हाडातला थोडा चुरा काढून फटीत भरला आणि तीन महिन्यांनी हाड धरलं. सिगारेट, विडी, तंबाखू ह्यातलं काहीही असलं तर डॉक्टरांपासनं लपवू नका. माझं अर्धं वर्ष त्यातच गेलं.

गडहिंग्लज, सध्या कोल्हापुरात मुलाकडे

वरच्या दादांचं वाचून लिहिते आहे. माझी मिश्री होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण बायका तिला दात घासायची पूड समजतात आणि दवाखान्यात "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात. मीही नाहीच म्हटलं होतं. आयाबायांनी हे ध्यानात ठेवा.

कसबा बावडा, सूनबाई

आमच्या सासूबाईंना २२ वर्षांची साखर आहे. पाऊल लाल झालं, सुजलं, पण दुखतं का विचारलं तर "नाही गं, नुसतं जड वाटतंय" म्हणायच्या. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही, असं आम्ही धरून चाललो, आणि तिथंच चुकलो. जंतुसंसर्ग समजून एके ठिकाणी तीन आठवडे अँटिबायोटिक दिलं गेलं. ह्या काळात त्या त्याच पायावर चालत होत्या, देवळातही जाऊन आल्या, अनवाणी.

पुढं कळलं की साखरेनं नसा बधिर झाल्यानं दुखणं जाणवतच नाही. आत हाडं मोडत असतात, सांधे सरकत असतात आणि माणूस चालत राहतो. ह्याला शार्को फूट म्हणतात. तळपायाची कमान खचायला लागली होती. गुडघ्याखाली घट्ट, पावलाच्या आकाराचं प्लास्टर घातलं, तेही सूज उतरेल तसं बदलत राहावं लागलं. सात महिने.

मला एक सोपी गोष्ट शिकवली ती रोज करते. हाताची पालथी बाजू आधी एका पावलावर, मग दुसऱ्यावर ठेवायची. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर त्या दिवशी चालणं बंद आणि फोन डॉक्टरांना. प्लास्टर निघाल्यावरही एकदा पाऊल गरम लागलं होतं, त्याच संध्याकाळी दाखवलं म्हणून वेळेत आवरलं. ज्यांच्या घरात जुनी साखर आहे त्यांनी "दुखत नाही" ह्या शब्दावर विसंबू नका, एवढं कळकळीनं सांगते.

निवृत्त शिक्षिका, वय ६२

मी पडले नाही, ठेचकाळले नाही. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायचे, एक दिवस पावलाच्या मधोमध ठणका सुरू झाला. एक्स-रे कोरा. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा हाडाभोवती नवं हाड धरल्याची सावली दिसली, म्हणजे बारीक चीर होतीच. चालण्यानं चीर जाते, मग हाड किती कच्चं असेल, असा मला प्रश्न पडला आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मीच मागून घेतली. टी-स्कोअर उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस धरतात. डी जीवनसत्त्वही ११ होतं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली आणि हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. पुडी डॉक्टरांनी सांगितली तितकेच आठवडे घ्या, मनानं वाढवू नका. पायाची चीर भरली, पण ती नसती गेली तर कंबरेचं हाड मोडेपर्यंत मला काही कळलं नसतं.

गंगावेशीजवळून

खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. घरात पाया सूपचा रतीब लागला होता. चवीला छान, आजारी माणसाला तरतरी येते, पण त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. त्यापेक्षा नाचणीची आंबील, तीळ, दूध, आणि डाळ-अंडं पोटभर. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि शेजारच्यांनी हाडजोडीचा पाला आणून दिला तर प्लास्टरच्या आत कोंबू नका, आमच्या अण्णांची कातडी त्यानं सोलली होती.

शिवाजी पेठ, वय ७३

माझं पाऊल जुळलं, पण जे मनाचं होतं ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. घर दुसऱ्या मजल्यावर. साडेचार महिने मी जिना उतरलो नाही. सौभाग्यवती ७० वर्षांची, ती माझी बादली उचलायची आणि मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. प्लास्टर काढलं त्या दिवशी पोटरी बघून रडू आलं, डाव्या पोटरीपेक्षा दोन बोटं बारीक, वर कातडीचे पापुद्रे.

आयुष्यभर पायात कोल्हापुरी. डॉक्टर म्हणाले, तळवा सपाट, टाचेला आधार नाही, ओल्या फरशीवर घसरते, वर्षभर विसरा. चप्पल लाईनीत घेतलेला तो जोड बायकोनं तेल लावून माळ्यावर ठेवला. आता टाच धरणारे बूट घालतो. फिजिओनं जमिनीवर टॉवेल पसरून पायाच्या बोटांनी गोळा करायला लावला, रोज वीस वेळा. मग रंकाळ्यावर एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, काठी घेऊन. दर आठवड्याला एक बाक वाढवायचा, ठणका रात्री राहिला तर एक कमी करायचा. काल सहा बाकं झाली.

पुन्हा राजारामपुरी

सगळं दोनदा वाचलं. माझी साखर काठावर आहे आणि डी कधी तपासलंच नाही. मंगळवारी दाखवायला जायचंय, डेक्साचंही विचारते. बावड्याच्या सूनबाई, तुमचं वाचून काल रात्री दोन्ही पावलांवर हात ठेवून बघितला, सारखीच गार होती.

मागच्या पायरीवरचं शेवाळ नातवानं ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासून काढलंय. मंगळवारनंतर इथंच लिहिते.