शेतात मिळालेलं नाणं हिरवं पडलंय, लिंबू-मीठ लावून घासू का?

मृद्गंध: मंडळी, मालकाला विचारून एका नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवत होतो. वीतभर खोलीवर एक नाणं मिळालं, तांब्याचं असावं. एका बाजूला गर्द हिरवा गुळगुळीत थर आहे आणि अक्षरांचे उंचवटे बोटाला लागतात. दुसऱ्या बाजूला कडेशी फिकट हिरवे ठिपके आहेत, टाचणी लावली की भुकटी सुटते. घरचे म्हणतात लिंबू-मीठ लाव, लख्ख होईल. करू का? तिथेच आजूबाजूला बरेच सिग्नल येताहेत. तेही काढून घ्यावेत का?

भटक्या७: रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी ब्रश मारा. चमकेल.

धातुवेडा: भटक्या, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. तो गर्द थर मळ नाही हो! नाण्याचा वरचा पापुद्राच जमिनीत राहून तसा झालाय, ठशाचे बारकावे आता त्यातच आहेत. आम्लाने थर विरघळला की खाली खड्डे पडलेला लालसर धातू उरतो आणि अक्षरं जातात, कायमची.

मृद्गंध, मला खरी काळजी त्या फिकट ठिपक्यांची वाटते. भुकटी सुटतेय म्हणजे बहुधा 'ब्राँझ डिसीज'. मातीतले क्लोराइड धातूत शिरून बसतात. ओलावा आणि हवा मिळाली की त्यातून आम्ल बनतं, ते तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं आणि हे चक्र चालूच राहतं. मीठ हेही क्लोराइडच, म्हणजे लिंबू-मीठ लावून तुम्ही रोगालाच खुराक द्याल. सुटी माती कोरड्या मऊ ब्रशने जेवढी निघेल तेवढीच काढा. मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डबीत ठेवा, आतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली हवी. पुढचं काम संग्रहालयाच्या संवर्धकाचं.

आता सिग्नल. एवढे जवळजवळ येत असतील तर कुदळ खाली ठेवा. 1992 साली इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात एरिक लॉज हे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते आणि हाती लागला रोमन खजिना. थोडं काढल्यावर ते थांबले आणि कळवलं. म्हणून बाकीचा साठा पुरातत्त्वज्ञांना जागच्या जागी उकलता आला. जवळपास 15 हजार नाणी निघालीच, पण कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणा, आतल्या छोट्या डब्यांची इवलीशी चांदीची कुलुपं, कशाशेजारी काय ठेवलं होतं, हेही कळलं. घाईने उपसलं असतं तर नाणी मिळाली असती, बाकी सगळं गेलं असतं. मला तर त्या कुलुपांचं नाण्यांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

मृद्गंध: थांबलो. पण ते सगळे खिळेच निघाले तर उगाच लोकांना बोलावल्यासारखं होईल.

कॉइलवाली: न खणताही अंदाज येतो, दादा. सिग्नलवरून कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची तबकडी, एकदा फिरवा, मग 90 अंशात वळून पुन्हा. नाणं आडवं पडलेलं असेल तर दोन्हीकडून आवाज सहसा सारखाच येतो. गंजक्या खिळ्याचा आवाज बऱ्याचदा तुटतो, डिटेक्टरच्या पडद्यावरचे अंक उडतात. पण आकडा कमी म्हणून सोडून देऊ नका, पातळ सोनं आणि चॉकलेटचा कागद आकड्यावरून वेगळे ओळखू येत नाहीत.

धातुवेडा: बरोबर. आणि खिळे निघाले तरी संकोच नको, जुन्या पेटीलाही खिळेच असतात. प्रत्येक सिग्नलवर झेंडी रोवा, जीपीएसची नोंद घ्या, नाणं निघालं त्या खड्ड्याचा पट्टी ठेवून फोटो काढा. मालकाला आजच सांगा. तुमच्याकडचा कायदाही बघून घ्या, बऱ्याच देशांत असा शोध कळवणं बंधनकारक असतं. आणि खड्डा बुजवण्याआधी तळाशी पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवला का?

मृद्गंध: फिरवला. अजून वाजतोय. झेंडी लावून मालकाला फोन करतो.