प्लास्टरमध्ये सहा आठवडे, बजेट दीड हजार: क्रोशा, कुंड्या की रहस्यकथा?

पारिजातक_पुणे
नमस्कार मंडळी. नवरात्रात जिन्यावरून पाय घसरला, उजव्या घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. ऑफिसचं काम घरून चालू आहे पण चारनंतर मी मोकळी असते आणि मोबाईल बघून बघून डोकं दुखायला लागलंय. पाऊस गेलाय, सकाळची हवा इतकी छान पडलीये आणि मी पलंगावर. म्हणून ठरवलंय की दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागेपर्यंत घरबसल्या काहीतरी नवीन शिकायचं. डोक्यात तीन गोष्टी आहेत. क्रोशा, जो येत नाही, शाळेत शिवणाच्या तासाला साखळी घातली होती तेवढीच. बाल्कनीत कुंड्या, बाल्कनी पूर्वेची, ऊन साडेदहापर्यंतच. आणि रहस्यकथा, पण रक्तपात नको, वाचून झोप लागली पाहिजे अशा. बजेट एकूण १५०० रुपये, त्यावर खरंच नाही, हॉस्पिटलचं बिल आत्ताच भरलंय. काय घेऊ?

सुईदोरा
क्रोशाच घे गं, दुसरा विचारही करू नकोस. बावीस वर्षं विणतेय म्हणून सांगते, ४ एमएमची एक सुई आणि जाडसर लोकर, बस. रंग फिका घे, गडद निळा किंवा काळा घेतलास तर टाका दिसतच नाही आणि नवीन माणूस तिथेच कंटाळतो. मी स्वतः लाकडी मुठीचा सेट घेतला २८०० चा, त्यानंतर माझा अंगठा दुखायचा थांबला, हात हीच आपली इस्टेट आहे तिथे कंजूषी करू नये. माझ्या मुलीच्या रुखवतात चौदा वस्तू माझ्या हातच्या होत्या, अजून लोक फोटो मागतात.

गच्चीवरचा_माळी
ताई, हे दिवस वाया घालवू नका. पावसानंतरची जमीन, कोवळं ऊन, पालेभाजीला वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. नाशिकला माझ्या गच्चीवर सध्या मेथी, पालक, मुळा, लसूण सगळं आहे, बाजारातली भाजी मी चार वर्षं घेतलेली नाही. तुम्ही २०० लिटरचे निळे ड्रम अर्धे कापून घ्या, खाली भोकं पाडा, उसाचं पाचट आणि शेणखत भरा. १० ड्रमात घर चालतं.

पारिजातक_पुणे
काका, माझी बाल्कनी चार बाय आठ फूट आहे आणि मला उभं राहता येत नाही :(

गच्चीवरचा_माळी
मग ५ ड्रम घ्या.

पुस्तकांच्या_गावा
तुम्हाला जे हवंय त्याला इंग्रजीत कोझी मिस्टरी म्हणतात. खून होतो पण पडद्याआड, गाव लहान, शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते आणि शेवटी सगळा गुंता नीट सुटतो. सुरुवात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून करा. तिची पहिली कादंबरी १९३० ची, आणि ही म्हातारी कायम हातात विणकाम घेऊन बसलेली असते, लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि ती सगळं ऐकत असते. म्हणजे तुमचे दोन पर्याय एकातच आले.

जुनाणा_वाचक
इंग्रजीकडे कशाला जायचं? आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकर वाचून आख्खी पिढी वाचायला शिकली. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे नायक. मी चौथीत असताना अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचत होतो. आज ती जुनी पुस्तकं शोधून मिळत नाहीत आणि ज्यांच्याकडे आहेत ते तोंडाला येईल ती किंमत सांगतात, फार वाईट वाटतं.

पुस्तकांच्या_गावा
अर्नाळकरांबद्दल आदर आहेच पण त्या कोझी नव्हेत. तिथे पाठलाग आहे, पिस्तुलं आहेत, वेषांतर आहे. ताईंना झोप लागायला हवीये.

जुनाणा_वाचक
मला तर वाचून उत्तम झोप लागायची. आणि तुम्ही लोक रहस्यकथा आणि गूढकथा यांत पण गल्लत करता. रहस्यकथेत शेवटी कारण कळतं, गूढकथेत ते कळलंच पाहिजे असं नाही. रत्नाकर मतकरींची गूढकथा रात्री वाचून बघा म्हणजे फरक समजेल.

सुईदोरा
धागा क्रोशाचा आहे ना?

नव्यानेशिकतेय
माझी चूक तुम्ही करू नका म्हणून लिहितेय. मी ऑनलाईन १४ सुयांचा सेट घेतला ४९९ ला, सोबत डबी, मार्कर, कात्री सगळं. प्लास्टिकच्या सुया होत्या, दोन तर लोकर ओढतानाच मोडल्या, परत पाठवायला गेले तर मुदत संपली म्हणे. वापरली शेवटी एकच सुई, ४ एमएमची, जी दुकानात ८० रुपयांना मिळाली असती. दुसरं म्हणजे व्हिडिओ बघताना तो अमेरिकन पद्धतीचा आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकेत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. मला हे माहीत नव्हतं, ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून भाच्याची टोपी केली आणि ती दुप्पट उंच झाली, बारशाला नेताच आली नाही, खूप रडले होते तेव्हा.

सुईदोरा
म्हणून मराठीत शिकावं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. टाक्यांच्या या नावांत कुठलाच देश येत नाही. मुका खांब म्हणजे त्यांचा अमेरिकेतला सिंगल, आणि खांब म्हणजे तिथलाच डबल.

टोरांटोची_सई
तुमच्याकडे हिवाळा येता येता भाज्या सुरू होतात हे वाचून हेवा वाटला. आमच्याकडे आता मेपलची पानं लाल होऊन गळतायत आणि बागेतलं एकच काम उरलंय, लसूण लावणं. जमीन गोठायच्या आत ऑक्टोबरात पाकळ्या लावायच्या, वर गळलेल्या पानांचं जाड पांघरूण घालायचं, आणि लसूण निघतो थेट पुढच्या जुलैत. बाकी पूर्ण फॉल (पानगळीचा ऋतू) मी खिडकीशी बसून विणते. मेरिनो लोकर घे, एकदा मेरिनो हातात घेतली की दुसरं काही नको वाटतं. मी आता शाल करतेय, सात गुंडे लागले, एक गुंडा ३० डॉलरचा.

पारिजातक_पुणे
सई, एका गुंड्यात माझं बजेट संपलं, पण शालीचा फोटो नक्की टाक.

बाल्कनी_पूर्वेची
ताई माझी पण बाल्कनी पूर्वेचीच आणि जवळपास तुमच्याएवढीच, म्हणून जे माझ्याकडे खरंच झालं ते सांगते. झेंडू आता पेरू नका, बी पेरल्यापासून फूल यायला दोन महिने जातात, दिवाळी हुकते. शेवंतीचं कळ्या आलेलं रोप नर्सरीतून आणा. तिला दिवस लहान झाले की फुलायचं कळतं, म्हणून रात्री बाल्कनीतला दिवा तिच्यावर जळत ठेवू नका, मी पहिल्या वर्षी ठेवायचे आणि कळ्याच धरल्या नाहीत. मेथी घरातल्या डब्यातलीच घ्या, रात्रभर भिजवा, पसरट ट्रेमध्ये पेरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजीपुरती होते. कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, आठ-दहा दिवस लागतात, धीर धरायचा. माती उचलायचा त्रास नको म्हणून साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या भुशाची) वीट, चार लिटर पाण्यात फुगवा, निम्मं गांडूळखत मिसळा. दोन ट्रे होतात. सगळं मिळून माझे साडेतीनशे गेले होते.

गच्चीवरचा_माळी
मेथी रात्रभर भिजवून पेरावी. आणि कोकोपीटमध्ये पोषण नसतं हे कोणी सांगत नाही.

बाल्कनी_पूर्वेची
गांडूळखत लिहिलंय मी काका.

कर्वेनगर_६८
सकाळची हवा छान वगैरे वाचलं. दुपारी बाहेर पडून बघा. ही ऑक्टोबर हीट आहे, शरद ऋतू पंचांगात आहे फक्त. माझी जास्वंद पिठ्या ढेकणाने खाल्ली, तीन औषधं आणली, एकाने गुण नाही. आता झाडांवर पैसे घालणार नाही असं ठरवलंय.

बाल्कनी_पूर्वेची
काका एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने परत. आधी जुन्या टूथब्रशने जेवढे निघतील तेवढे काढा, नाहीतर त्या पांढऱ्या कापसाखाली औषध पोचतच नाही.

वाचनालयवाली
पुस्तकं विकत घेऊच नका! मी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची सभासद आहे, दिवाळीत सगळीकडे अंकांची योजना असते, एकदाच वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून बदलून वाचायचे. बऱ्याच ठिकाणी घरपोच सेवा पण आहे, पायाचं सांगितलंत तर कोणी ना कोणी सोय करेल. धनंजय आणि नवल हे दोन अंक मागा, रहस्य आणि गूढाची आवड असलेले आम्ही सगळे आधी तेच पळवतो. शिवाय फेलूदा मागा, सत्यजित राय यांचा गुप्तहेर, अशोक जैनांनी केलेले मराठी अनुवाद आहेत. मुलांसाठी लिहिलेलं असल्यामुळे रक्तपात जवळजवळ नाहीच, आणि बंगालमध्ये त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्या पूजेच्या विशेषांकात यायच्या, आपल्या दिवाळी अंकांसारख्या, म्हणजे वाचायचा मोसम पण हाच.

जुनाणा_वाचक
मी वाचनालयच सुचवणार होतो. पण अंकांच्या किमती बघितल्यात का यंदा? निम्म्या पानांवर जाहिराती.

पारिजातक_पुणे
सगळ्यांचे खूप आभार. वाचनालयाचं पटलं, फोन करते. आता एक नवीनच झालंय. दिवाळीची साफसफाई म्हणून नवऱ्याने माळा आवरला तर आजीची पत्र्याची डबी निघाली. आत १.२५ एमएमची स्टीलची सुई, पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ आणि अर्धा विणलेला गोल रुमाल. अकरा ओळी झाल्यात, बाराव्या ओळीच्या मध्येच सुई तशीच अडकवलेली. आजी २००९ साली गेली. बहुतेक देवघरातल्या ताम्हनाखाली घालायचा रुमाल असावा, तिने घरातल्या सगळ्यांना एकेक दिलेला, माझा राहिला होता. मी यावरूनच शिकू का?

सुईदोरा
नको गं. बारीक दोरा आणि एवढीशी सुई म्हणजे नवीन माणसाला डोळ्यांची शिक्षा. आधी जाड लोकरीवर सहा महिने हात बसव. तो रुमाल जपून ठेव, वाटल्यास मला कुरियर कर, आठ दिवसांत पूर्ण करून पाठवते, एक पैसा घेणार नाही.

नव्यानेशिकतेय
सुईदोरा ताईंना अनुमोदन. चुकून उसवलं तर परत येणार नाही ते.

टोरांटोची_सई
फ्रेम कर. खरंच. सुईसकट तसंच फ्रेम करून भिंतीवर लाव.

बाल्कनी_पूर्वेची
पंधरा वर्षांपेक्षा जुना दोरा कुजलेला असू शकतो, हलका ताण देऊन बघा तुटतो का. तोपर्यंत मेथी पेरा :)

गच्चीवरचा_माळी
मेथी भिजवून पेरायची, विसरू नका.

पारिजातक_पुणे
(तीन आठवड्यांनी)
अपडेट देते. तुम्हा सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तरीही रुमालच घेतला हातात, सुईदोरा ताई रागावू नका. रिळातला दोरा खरंच तुटत होता, म्हणून वीस नंबरचा नवीन दोरा आणला. पहिले पाच दिवस फक्त त्या नव्या दोऱ्यावर सराव केला, साखळी आणि खांब, साखळी आणि खांब. मग आजीच्या अकरा ओळी भिंगाखाली मोजल्या, प्रत्येक फेरीत किती खांब वाढवलेत ते वहीत लिहून काढलं. सातव्या फेरीत तिने एक खांब कमी घातलाय आणि आठव्या फेरीत तो गुपचूप भरून काढलाय. ते सापडलं तेव्हा मी एकटी बसून किती तरी वेळ त्या जागेवर बोट ठेवून होते.

आता सतरावी ओळ चालू आहे. रोज एक तास, पाय उशीवर, कोपराखाली दुसरी उशी, दर वीस मिनिटांनी हात सोडते. तिचे टाके घट्ट आहेत, माझे सैल, आणि जुना भाग पिवळट पडलाय त्यामुळे कुठून माझं सुरू झालं ते लांबूनही दिसतं, फोटो टाकलाय. खर्च आत्तापर्यंत दोरा ११० आणि वाचनालयाची वर्गणी. फेलूदाची तीन पुस्तकं झाली. मेथी पण पेरली, आईस्क्रीमच्या दोन डब्यांत, भिजवून. परवा तिचीच भाजी केली, दोघांना पुरली.

एक विचारायचंय, पूर्ण झाल्यावर धुऊन खळ करायची तर साबुदाण्याची की तांदळाच्या पेजेची? आणि जुन्या भागाचा पिवळेपणा काढू का नको?

सुईदोरा
फोटो बघितला. सातव्या फेरीतलं तू पकडलंस, मला फोटोत दिसलं नव्हतं. पेज नको. साबुदाण्याची पातळ खळ कर, गाळून घे, ओला असतानाच पाटावर पंचा पसरून टाचण्यांनी गोल ताणून लाव आणि सावलीत वाळव. पिवळेपणासाठी ब्लीच मुळीच घालू नकोस, जुना दोरा विरेल, कोमट पाण्यात साधा साबण, चोळायचं नाही.

टोरांटोची_सई
मी अजून म्हणते फ्रेम कर.

पारिजातक_पुणे
नाही सई, ताम्हनाखालीच घालणार. प्लास्टर निघतंय सोमवारी, तुळशीच्या लग्नाला अजून नऊ दिवस आहेत आणि चार ओळी उरल्यात.