परदेशात माणूस बेपत्ता होतो तेव्हा : कुटुंबाला दिलेल्या सोबतीचे अनुभव

माणूस परदेशात बेपत्ता झाला की शोध एका देशात चालतो आणि घरचे दुसऱ्या देशात वाट पाहत राहतात. अशा वेळी कोणती मदत खरोखर उपयोगी पडली, हे ज्यांनी भोगले किंवा जवळून पाहिले त्यांनी कृपया लिहावे. शोध चालू असल्यास नावे टाळावीत.

चुलतभाऊ बेपत्ता

काका-काकूंना 'धीर धरा' सांगणारे पुष्कळ आले. खरा आधार झाला तो काकूंच्या एका निवृत्त सहकारी बाईंचा, ज्यांनी पहिल्याच संध्याकाळी वही उघडून प्रत्येक फोनची दोन्ही देशांतली वेळ, अधिकाऱ्याचे नाव आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायला सुरुवात केली. दूतावास स्वतः तपास करत नाही, तो स्थानिक पोलिसांकडे पाठपुरावा करतो; आणि इंटरपोलची पिवळी नोटीस, म्हणजे बेपत्ता माणसाच्या शोधासाठी देशोदेशीच्या पोलिसांना जाणारी सूचना, कुटुंबाला थेट मागता येत नाही, ती आपल्या पोलिसांमार्फतच मागवावी लागते, हे त्यांनीच शोधून काढले. दंतवैद्याकडचे जुने एक्स-रेही त्यांनीच आणले. ते कशासाठी लागतात हे काकूंना कळत होते, म्हणूनच ते काम काकूंना सांगणे कोणालाच शक्य नव्हते.

भावाचा शोध

फोटो सर्वत्र पसरताच 'तो आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असे फोन येऊ लागले. मेव्हण्यांनी आईऐवजी स्वतःचा क्रमांक दिला होता आणि भावाच्या खांद्यावरचा व्रण मुद्दाम जाहीर केला नव्हता. त्या खुणेबद्दल विचारले की बहुतेक जण फोन ठेवत. आईपर्यंत यातला एकही फोन पोहोचला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

समुपदेशक म्हणून

माणूस आहे की गेला हे न कळण्याच्या दुःखाचा अभ्यास अमेरिकी कुटुंब-समुपदेशक पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात मांडला. अशा कुटुंबात एक जण आशा धरून असतो, दुसरा मनातून खचलेला असतो, आणि दोघांनाही तसे वाटण्याची मोकळीक हवी असते. 'आता मान्य करा' असे मी कधीच म्हणत नाही. ठरलेल्या वारी, नवे काही नसले तरी, फोन मात्र करतो.

मैत्रिणीचा नवरा

घरकर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आम्ही पोलिस तक्रारीची प्रत जोडून बँकेकडे लेखी मुदत मागितली. अर्ज मी लिहिला, तिने फक्त सही केली.