उद्याचा फोनवरचा खेळ: काल आत येऊ न शकलेल्यांसाठी (सोसायटीच्या ग्रुपवरून, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-४०२: हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवरचा खेळ आपण आपापल्या फोनवर पान उघडून, कोड टाकून खेळतो. काल त्याच्या सरावाला कितीतरी जण बाहेरच राहिले, त्याचं मला रात्रभर वाईट वाटत होतं. उद्या खरा खेळ आहे आणि कुणीही राहायला नको. कृपया नुसतं 'चाललं नाही' लिहू नका. पानच उघडलं नाही, कोड घेतला नाही, की आत जाऊन अडकलं, हे सांगा. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

सी-१०३: आमचं वायफायच लागलं नाही. 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' असं येऊन तिथेच थांबलं. तिघांच्याही फोनवर तेच.

ए-४०२: काकू, हॉलवर किती वाजता पोचलात?

सी-१०३: साडेसात होऊन गेले होते.

बी-२०१: आम्ही सातलाच होतो, लगेच लागलं होतं.

डी-५०४: हे वाचलं आणि हॉलमध्ये जाऊन राउटरची सेटिंग्ज उघडली. राउटर प्रत्येक फोनला एक पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो, त्या पत्त्यांची रेंज १०० ते १४९. म्हणजे एकूण ५० पत्ते, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्याच फोनच्या नावावर. सकाळच्या मीटिंगला आलेल्यांचे फोन घरी गेले तरी पत्ते अडकून पडले होते. उशिरा आलेल्यांना द्यायला राउटरकडे काही उरलंच नव्हतं.

ए-४०२: दादा, खूप आभार! मी खेळाच्या सर्व्हरलाच दोष देत होते.

डी-५०४: आता १० ते २५० केलंय, म्हणजे २४१ पत्ते. मुदत १ तास. राउटर बंद करून चालूही केला. पण पत्ते पुरले तरी एका राउटरवर साठ फोन म्हणजे दाटी होणारच. ज्यांचा मोबाइल डेटा हॉलमध्ये नीट चालतो त्यांनी वायफाय बंद ठेवा.

सी-१०३: पण मोठा स्क्रीन वायफायवर आहे ना? मग फोनही त्याच्यावरच नको का?

डी-५०४: नाही काकू. स्क्रीन आणि फोन दोघेही इंटरनेटवरच्या सर्व्हरशी बोलतात, एकमेकांशी नाही. कुठल्याही नेटवरून या.

ई-३०१: मी मोबाइल डेटावरच होतो. तरी 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं आलं.

ए-४०२: काका, फोनवर आजची तारीख बरोबर आहे का?

ई-३०१: १ जानेवारी दाखवतोय. बॅटरी बदलून आणली तेव्हापासून असेल.

ए-४०२: मग तेच कारण. साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याच्या दाखल्याला) मुदत असते आणि ती चालू आहे की नाही हे ब्राउझर फोनच्या घड्याळावरून ठरवतो. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' करा. 'तरीही पुढे जा' मात्र दाबू नका, ती सवय बँकेच्या साइटवर महागात पडेल.

ई-३०१: केलं. उघडलं गं पान!

बी-२०१: आमच्या मुलाला 'अशी खोली नाही' येत होतं. ग्रुपवरच्या फोटोतलाच कोड टाकला होता.

ए-४०२: तो फोटो सातचा. पावणेआठला मी खेळ बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा खेळाची नवी खोली झाली आणि कोडही बदलला. उद्या कोडचे फोटो कुणी फिरवू नका, समोरच्या स्क्रीनवर बघून टाका.

एफ-१०२: मी आत गेले होते. मध्येच फोन आला, पाच मिनिटं बोलले, परत आले तर नुसतं चक्र फिरत होतं. मग दुसऱ्या ब्राउझरमधून गेले तर गुण शून्य!

ए-४०२: ताई, हे बऱ्याच जणांचं झालंय. खेळाचं पान सर्व्हरशी सतत जोडलेलं असतं. स्क्रीन बंद झाली किंवा दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की फोन बॅटरी वाचवायला ती जोडणी तोडतो. परत आल्यावर त्याच ब्राउझरमध्ये तेच पान एकदा रिफ्रेश करा. तुमची ओळख त्या ब्राउझरमध्ये साठवलेली असते, म्हणून दुसरा ब्राउझर किंवा इन्कॉग्निटो उघडला की तुम्ही नवे खेळाडू ठरता. आणखी एक: इथली लिंक दाबली की काही फोनांत ती याच ॲपच्या आतल्या खिडकीत उघडते. मेसेज बघायला मागे आलात की खेळ गेला. वरच्या तीन टिंबांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' करा. स्क्रीन बंद होण्याची वेळही १० मिनिटं करून ठेवा.

सी-१०३: धाकटीला शेवटी माझ्या डेटावरून आत घेतलं, पण तिला फक्त मत देता येत होतं, उत्तर लिहिता येत नव्हतं.

ए-४०२: तो बिघाड नाही. या खेळात ८ खेळाडू, त्यानंतर येणारे प्रेक्षक. जॅकबॉक्स कंपनीच्या अशाच फोनवरून खेळायच्या बहुतेक खेळांतही असंच असतं. पण मुलांना बाहेर ठेवल्यासारखं वाटतं हे खरं. दर फेरीला नवे आठ घेऊ, पहिल्या फेरीत सगळी मुलं.

डी-५०४: मी हॉलमध्येच आहे. ज्यांचं काल अडलं त्यांनी आत्ता खाली या, एकेक फोन बघू.

सी-१०३: आलो तिघंही. वायफाय लागलं. धाकटीचं नाव स्क्रीनवर दिसतंय, खालून दुसरं.